नाव निघालं

मोबाइल वाजला तवा ग्यानबाची चावी माह्या बुडाखाली होती. चावी म्हंजे खिशातली नाई. कंबरेइतकी लांब लोखंडी सळई, वरून आडवा दांडा, तिच्यानं तो नगरपरिषदेचा व्हॉल्व फिरवते आन् मंग आमच्या मंगरूळच्या अर्ध्या गावाले पानी सुटते. नानीबाईच्या चहाच्या दुकानापुढं बाकडं हाय, बाकड्यावर मीच भरून देल्ली पातळ गादी, गादीखाली चावी, चावीवर मी, आन् माह्या बाजूले गुलाम नबी टेलर. ग्यानबा कवाचा सायकलीखाली पाहे, भट्टीमागं पाहे, नानीबाईची लाकडं उचकून पाहे, आन् गल्लीच्या तोंडाशी रिकामे गुंड-घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया त्याच्या खानदानाचा उद्धार करून राह्यल्या होत्या. "हसन्या, चावी तूच ठेवली बे." "मी कायले ठेवू? मी काय तिच्यानं कान कोरू?" नानीबाई पदर तोंडात घालून हासे. अस्सा रंग भरला होता, आन् तेवढ्यात खिशात मोबाइल. घरून. मेहरुन्निसा. पैले तर ती नुसती रडली. मले वाटलं कोनी गेलं. मंग म्हने, "नाव निघालं जी. हजले. दोघायचंही निघालं."

"रॉंग नंबर," मी म्हनलं आन् फोन कापला.

सख्ख्या बायकोले रॉंग नंबर. पन दुसरं तोंडातून काई निघालंच नाई. "कोन होतं?" गुलाम नबीनं इचारलं. त्याचा स्वतःचा मोबाइल सकाळपासून त्याच्या मांडीवर उताना पडून होता, आन् तो घडीघडी सदऱ्याच्या टोकानं त्याची काच पुसून राह्यला होता. कोनाकोनाले हजले जायले भेटते त्याची सोडत त्याच दिवशी होती. साऱ्या मोहल्ल्याले मालूम होतं. गुलाम नबीनं याच्याआधी तीनदा अर्ज भरला होता, हा चौथा. मी म्हनलं, "गॅसवाला. सिलिंडर आलं म्हने." तो म्हने, "बरं." आन् पुन्हा काच पुसली. मले एकाएकी बुडाखालची चावी टोचाले लागली. तासभर तिच्यावर बसलो होतो, तवर नाई टोचली. मी उठलो, गादी उचलली, चावी काढली आन् ग्यानबाच्या हातात देल्ली. "घे. जाय, पानी सोड." ग्यानबा चावीकडं नाई, माह्याच तोंडाकडं पाहत राह्यला. "हसन्या, तुही तब्येत बरी हाय ना बे?"

तिथंच घोळ झाला. चावी देल्ली नसती, आनखी अर्धा तास त्याले फिरवलं असतं, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, त कदाचित मले स्वतःलेही समजलं असतं का काई बदललं नाई. पन पैले मीच बदललो, पाच मिनिटात, कोनाले काई मालूम नसताना. दुकानात आलो आन् कापूस पिंजायची मशीन लावली. तिचा आवाज मोठा, त्याच्यात मानसाले स्वतःचं आयकू येत नाई, म्हनून मले ते दुकान आवडते. कापसाचे तंतू उडतात, भुवयायवर बसतात, नाकात जातात. संध्याकाळी घरी जातो तवा मी सत्तर वर्षाचा म्हातारा दिसतो, आन् लेक यूसरा लहान होती तवा मले पाहून दाराआड पये. अर्ज तिनंच भरला. मेहरुन्निसा कवापासून मांगं लागली होती, विकलेल्या प्लॉटचे पैसे आले होते, यूसरानं मोबाइलवर काय काय दाबलं आन् म्हने, अब्बा इकडं पाहा, फोटो काढायचा हाय. मी पाह्यलं. मनात म्हनलं, एवढ्या दुनियेतून माहं नाव कायले निघते? गुलाम नबीचं निघत नाई तिथं माहं? अजान झाली का तो सुई कपड्यात तशीच टोचून उठते. गिऱ्हाईक गळ्यात टेप लटकवून उभं राहो का आमदार येवो. मी शुक्रवारी जातो, शेवटच्या रांगेत, चपलायच्या जवळ. असं वाटलं का वरती कोनीतरी माहीच मस्करी केली. अन् लेका, बरी जमवली.

मले मक्केची भीती नव्हती. भीती नानीबाईच्या बाकड्याची होती. आमच्याकडं एक नोमान लोखंडवाला हाय. पत्त्यायचा बादशा, आन् शिवी द्यावी त त्यानंच. आसेगावचे लोक बाजाराच्या दिवशी नुसत्या त्याच्या शिव्या आयकाले थांबत. तो हजले जाऊन आला. त्यानं आल्यावर कोनाले उपदेश केला नाई, कोनाचे पत्ते फेकले नाई, काईच केलं नाई. लोकंच चूप झाले. तो दिसला का आमी पत्ते गादीखाली सारत होतो. मंग त्याचं येनंच कमी झालं. कधीमधी समोरून जाये, हासायचा आवाज आला का हळू होये, उगाच वाकून चपलेचा पट्टा पाहे. एकदा आला जवळ, म्हने, "काय चाललं होतं बे? कायले हासून राह्यले?" मी म्हनलं, "काई नाई हाजीसाब, पान्याचं बोलून राह्यलो होतो." त्यानं गादीकडं पाह्यलं. म्हने, "हो, पानी यंदा बरं हाय." आन् गेला. त्याचं ते तोंड मले मशीनच्या आवाजातही दिसत होतं. त्याच्या जागी आता मी, पट्टा पाहून राह्यलेला. मले साऱ्या गावात एकच इज्जत हाय, ती म्हंजे माही इज्जत कोनी करत नाई. "अबे हसन्या" म्हनून पोट्टे हाक मारतात, म्हातारे हाक मारतात, ग्यानबाची बायको बेबीताई त मले चपलेनंच बोलावते. हे एवढंच कमावलं हाय. तेच जानार.

दुसऱ्या दिवशी ठरवलं का आपनच सांगून टाकू, हासत हासत, म्हंजे बातमी अंगावर येनार नाई. तिघं बसलो होतो. मी चहा फुंकला आन् म्हनलं, "आयकता का? माहं नाव निघालं. हजले."

ग्यानबाच्या नाकातून चहा आला. खोकला, हासला, बाकड्यावर थापा मारल्या. "तू? तिथं जाऊन तू काय करशीन बे? सैतानाले गोटे मारायचे असतात ना? तो म्हनीन, अबे हसन्या, तू इकडून कायले मारून राह्यला, तू त आपल्या बाजूचा!" नानीबाई भट्टीवर वाकून हासाले लागली. मीही हासलो. मी हासलो हेच माहं चुकलं, पन हासू आलं, मजाक फर्स्टक्लास होती. गुलाम नबी हासला नाई. त्यानं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. म्हने, "हसन्या, बाकी साऱ्यावर मस्करी कर. याच्यावर नको करू."

"अरे गुलाम्या, खरंच..."

"मी काल दिवसभर फोन पाहत होतो. तुले दिसत होतं." तो उठला, टोपी सारखी केली. "तीनदा दोघायचा अर्ज भरला होता. यावेळी एकट्याचा." आन् गेला. दोन वर्षं झाले त्याची बायको जाऊन, आन् हे एवढंही तो कधी तोंडानं बोलला नव्हता. ग्यानबा मले म्हने, "काहून छेडतं बे त्याले?" मी काय सांगू? मागं पयत जाऊन म्हनू का गुलाम्या, मस्करी नाई, खरं हाय? त्यानं खरं मानलं नाई त मी हरामखोर, आन् खरं मानलं त त्याच्याहून वाईट. दोन्ही दारं बंद, आन् दोन्हीले कड्या मीच लावल्या, पस्तीस वर्षं खपून. ज्या मानसानं कोनाले कधी खरं सांगतलं नाई त्याच्या तोंडातून एक खरी गोष्ट निघाली, आन् ती सगळ्यात खराब मस्करी ठरली.

खरं काय ते मेहरुन्निसानं सांगतलं. बायायमध्ये सांगतलं म्हंजे दुपारपर्यंत मंगरूळ, संध्याकाळी शेलूबाजार. मले वाटत होतं ग्यानबा येऊन कॉलर धरीन, म्हनीन, भोसडीच्या, आमच्यापासून लपवतं? मी त्याची तयारी करून बसलो होतो, तोंडात जवाब घोळवून ठेवले होते. तो आला. बाकड्यावरची गादी त्यानं हातानं झटकली. "बसा," म्हने. मी मांगं वळून पाह्यलं, कोनी दुसरं आलं का. कोनी नव्हतं. नानीबाईनं मले चहा कपबशीत देल्ला. पंधरा वर्षं त्या दुकानात कपबशी कुठं होती ते मले ठाऊक नव्हतं. ती पिवळ्या फुलायची कपबशी पोलिसवाल्यासाठी ठेवली होती असं मंग समजलं. मी म्हनलं, "नानीबाई, माहा गिलास कुठं गेला वं?" ती म्हने, "आता तुमाले गिलासात देनं शोभते का?" पाहा. तुमाले. मी बशीत चहा ओतला आन् मुद्दाम मोठ्यानं सुर्रकन फुरका मारला, कोनी काई म्हनीन म्हनून. ग्यानबा दुसरीकडं पाहत होता.

मंग हिवाळा आला. आमच्या धंद्याचा मोसम, गाद्या, रजया, लग्नायच्या ऑर्डरी. आन् जो गिऱ्हाईक येई तो गादी टाकून पैले दोन्ही हातानं माहा हात धरे. आमच्यासाठी दुआ मांगजा. पोरीचं जमत नाई. पाय दुखते. बोरले पानी नाई. मी म्हनो, हो हो. मले वाटे, मी यायची गाठोडी भरून घेऊन चाललो आन् माह्या हातून रस्त्यातच सांडनार. कापसाचा धुरळा पांढरा, आन् तिकडं नेसायचं कापडही पांढरं. कधी मशीनसमोर उभ्या उभ्या वाटे का ते माह्या आंगावर आतापासूनच चढून राह्यलं, तंतू तंतूनं, आन् आतला हसन्या त्याच्याखाली खोकलून राह्यला. एक दिवस राह्यवलं नाई. ग्यानबा लघवीले गेला तवा त्याची चावी उचलली आन् रजईत गुंडाळून दुकानात उभी ठेवली. पोट्ट्यावानी. खिडकीच्या फटीतून पाहत बसलो. तो आला. सायकलीखाली पाह्यलं नाई, भट्टीमागं पाह्यलं नाई. सरळ माह्या दुकानाच्या पायरीशी आला, खालीच उभा राह्यला आन् म्हने, "हाजीसाब, तुमाले चावी दिसली का?"

"अजून कुठं गेलो मी, हाजीसाब कायचा?"

"जानारच ना."

मी रजई उलगडली. चावी देल्ली. त्यानं ती घेतली आन् नमस्कारावानी कपाळाजवळ हात नेला. लेका, माह्या आंगावर चावीनं मारलं असतं त बरं वाटलं असतं.

गुलाम नबीचं वेगळंच. बातमी खरी हाय हे समजल्यावर तो घरी आला, गळ्यात पडला, "मुबारक हो" म्हने, मेहरुन्निसाच्या हातचा शिरखुर्मा पुरा खाल्ला. नजर एकदाही चुकवली नाई. मीच चुकवली. त्याच्यानंतर बाकड्यावर येनं त्यानं बंद केलं. लग्नाचे कपडे हायेत, म्हने. लग्नं सरली तरी नाई आला. मी त्याच्या दुकानासमोरून जाताना मशीनचा आवाज आयको: टक टक टक, थांबे, पुन्हा टक टक. थांबला का वाटे, तो बाहेर पाहून राह्यला. मी वाकून चपलेचा पट्टा पाहो. एकदा पाहत होतो आन् ध्यानात आलं मी काय करून राह्यलो ते.

जायच्या आधी घरोघर जाऊन माफी मांगायची असते आमच्यात. कहा-सुना माफ. बोलन्यात, चालन्यात जे काई कमीजास्त झालं असन ते माफ करा म्हनायचं, कोनाचं ओझं घेऊन तिथं जायचं नाई. दुसऱ्या लोकायले एक दिवस लागते. मले आठ-पंधरा दिवस लागतीन असं मेहरुन्निसा म्हने. तिनंच मले घराबाहेर ढकललं. ग्यानबाच्या घरी गेलो. आता एक गोष्ट सांगतो, मी ज्या दोस्ताची उशी भरली त्याच्या उशीत एक सागरगोटा टाकला. तो पोरी खेळतात तो, राखाडी, गोल, टणक. कापसात तो एका जागी राहत नाई. मानूस डोकं जिकडं ठेवीन तिकडं येते. ग्यानबाच्या लग्नातल्या उशीतही होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी उशी फाडली आन् तो सागरगोटा भर बाजारात माह्या पाठीत मारला. वळ हप्ताभर राह्यला होता. त्याच्या घरी मी हात जोडून म्हनलं, "ग्यानबा, कहा-सुना माफ कर." त्याचं तोंड हलाले लागलं. मले वाटलं आता. "कोनतं कोनतं माफ करू बे? उशीचं, का चावीचं, का माह्या सासऱ्याच्या..." आन् बेबीताई आतून हासली, आन् मी आतल्या आत म्हनलं, दे, दे शिवी. त्यानं गळा साफ केला. "जाऊ द्या. सारं माफ हाय," म्हने. बेबीताईनं माह्या पुढं पान्याचा गिलास ठेवला, पदर डोक्यावर घेतला. चप्पल तिच्या पायातच राह्यली.

गुलाम नबी मी शेवटासाठी ठेवला होता. त्याचीही उशी मीच भरली होती, त्याच्या लग्नात, सागरगोट्यासकट. पन माह्या साऱ्या धंद्यात ती एकच मस्करी बुडाली. त्यानं कधी काई म्हनलंच नाई. मी इचारो, "गुलाम्या, झोप लागते ना उशीवर?" तो म्हने, "मस्त." वर्षानुवर्षं इचारलं, वर्षानुवर्षं मस्त. मले वाटे का सागरगोटा टाकायचाच राह्यला, का वहिनीनं गुपचूप काढला. उन्हाळा तापला होता, त्याच्या दुकानात पंखा फिरे आन् चिंध्या हालत. तो मशीनवर वाकलेला. मी पायरीवर उभा. हे वाक्य मी साऱ्या गावात म्हनून आलो होतो, तिथं ते अटकलं. म्हनलं, "गुलाम्या, मी त्या दिवशी मस्करी नव्हती केली."

"मालूम हाय."

"तुहं निघाले पाहिजे होतं."

त्यानं पायडलवरचा पाय काढला, मशीन थांबली. "तू ठरवतं का कोनाचं निघावं ते?" आवाज मोठा नव्हता. "मी तुह्यावर जळलो. दोन महिने जळलो. नमाजात उभा राहो आन् तुहं थोबाड दिसे. म्हनून नाई आलो बाकड्यावर, मंग याची लाज वाटे. आता तूच माफ कर मले."

मले समजेना हात कुठं ठेवू. माफी मांगाले मी आलो होतो. म्हनलं, "मी कोन..." तो म्हने, "म्हन. केलं म्हन." मी म्हनलं, "केलं." तो म्हने, "मीही केलं." झालं. एवढंच. आन् मले एकदम रिकामं वाटलं, जसं दुकान विकून टाकलं. एवढ्या वर्षायचं सारं दोन शब्दात साफ. मंग त्यानं टेबलाखालून एक पिशवी काढली. "तिथं मैदानात रात काढा लागते. डोक्याखाली घ्या." उशी. एवढीशी, प्रवासाची, निळ्या कापडाची, कडेले दुहेरी टीप. गादीवाल्याले उशी! मी म्हनलं, "कापूस कुठचा हाय?" म्हने, "तुमच्याच दुकानातला. ग्यानबाच्या हातानं आनला." मंग उभा राह्यला, दोन्ही हातानं माहा हात धरला, जसा सारा गाव धरे तसा. "तिथं उभे राह्यले का तिचं नाव घेजा. पुरं नाव. माहं नंतर. जा हाजीसाब, कहा-सुना सारं माफ."

हाजीसाब. त्याच्याही तोंडातून. शेवटचं दार होतं, तेही लागलं, आन् कडीचा आवाजही आला नाई, इतकं प्रेमानं लागलं.

दुकानात आलो. दुपारची लाइट गेली होती, मशीन चूप. टिनपत्रं तडतड करून राह्यली होती. मी गाद्यायच्या थप्पीवर आडवा झालो, पिशवी उघडली, उशी डोक्याखाली घेतली. डोये मिटले. आन् कानामागं काईतरी टोचलं.

पैले वाटलं गाठ. टेलर मानूस, त्याले कापूस काय भरता येईन. पिंजलेला कापूसही हाताची सवय नसन त गोळा होते. मी अंगठ्यानं दाबलं. ते सरकलं. गोल होतं. टणक होतं. मी उठून बसलो. उशी दोन्ही हातात धरून हलवली, कानाशी लावली, दाबली. ते एका कोपऱ्यात जाये, मंग पुन्हा मधात येऊन बसे. तोच का? त्याच्या लग्नातला? का बाजारातून नवा आनला? खोळीतून समजत नाई. पाहाचं त टीप उसवा लागते, आन् टीप दुहेरी, त्याच्या हातची, मैदानापर्यंत पुरनारी. म्हंजे वर्षानुवर्षं त्याच्यावर झोपला, रोज डोकं फिरवलं, आन् मले म्हने मस्त. आन् आता हे मले वापस देल्लं. काहून देल्लं? हिसाब मिटला, तुही वस्तू तुले, असं? का अबे हसन्या, असं? मी फोन लावला.

"गुलाम्या, उशीत काय भरलं बे?"

तिकून मशीनची टक टक थांबली. "कापूस," तो म्हने. "काहून? टोचून राह्यलं का, हाजीसाब?" आन् त्याच्या नाकातून शिट्टीवानी बारीक आवाज आला. हासला का सर्दी होती, मले सांगता येत नाई. त्याले उन्हाळ्यात सर्दी होत नाई, एवढं मालूम हाय.

"नाई," मी म्हनलं. "मस्त हाय."

फोन ठेवला. पुन्हा आडवा झालो. डोकं इकडं केलं, त तो इकडं आला. तिकडं केलं, तिकडं आला.